खचलेल्या कोपऱ्याची दाढ

खड्डे भरणं हा माझा धंदा आहे. सव्वीस वर्षं झाली, मी रोज सकाळी नऊ ते एक आणि संध्याकाळी पाच ते आठ लोकांच्या तोंडातले खड्डे भरतो. वरचे, खालचे, पुढचे, अक्कलदाढेच्या मागचे, जिथे आरसासुद्धा धड पोचत नाही तिथले! मी भरलेली दाढ हलली, असं सांगणारा माणूस अजून जन्माला यायचाय. तेव्हा दवाखान्याच्या एका कोपऱ्याखाली खड्डा पडला म्हणून मी हातपाय गाळावेत, दाराला कुलूप लावावं आणि मेहुण्याचे पाय धरावेत, अशी कुणाची अपेक्षा असेल, तर त्यानं मला ओळखलेलंच नाही. मी तेव्हा घाबरलो नव्हतो आणि जे झालं त्यानंतर आजही घाबरलेलो नाही. पण लोक हल्ली वाट्टेल ते तिखटमीठ लावून सांगतात. म्हणून म्हटलं, खरं काय ते एकदा आपणच सांगून टाकावं.

आमचं घर दुमजली. वर आम्ही नवराबायको, खाली दवाखाना. बायको बाहेरच्या टेबलाशी बसून नंबर लावते, आत मी आणि वीस वर्षांपासून माझ्या हाताखाली असलेल्या सिस्टर. पेशंटची खुर्ची पूर्वी दाराशी होती. नऊ वर्षांपूर्वी उजेड चांगला मिळावा म्हणून मी ती खिडकीच्या कोपऱ्यात नेली. चूळ भरायच्या भांड्याचा पाइपसुद्धा फरशीखालून मीच वाढवून जोडला. प्लंबरला उंबरठा ओलांडू दिला नाही! आणि जोड कशानं केला? दाताच्या सिमेंटनं! जे माणसाच्या जबड्यात वीस वर्षं टिकतं, ते पाइपात टिकणार नाही? माझ्याकडे पेशंट चार-चार पेले चूळ भरतो. "भरपूर पाणी घ्या, अजून एकदा, अजून एकदा!" हे माझं वाक्य गावभर प्रसिद्ध आहे.

तर तोच खिडकीचा कोपरा खचायला लागला. हे आधी माझ्या लक्षात आलं नाही, कापसाच्या बोळ्याच्या लक्षात आलं. ट्रेमध्ये ठेवला की स्वारी निघाली खिडकीकडे! मग त्याच्या मागे चिमटा निघाला. मग आरसा. मग एके दिवशी पेशंटच निघाला.

पेशंट म्हणजे आमचे हेडमास्तर. एकोणीस वर्षं माझ्याकडे येतात, निवृत्त झाले तरी शाळेच्या वेळेवर येतात. मी त्यांच्या दाढेत ड्रिल घातलेलं आणि ते हळूहळू डावीकडे घसरताहेत. मी ड्रिल बाहेर काढलं.

"डॉक्टर, मी पडतोय का हो?"

"नाही हो सर. बधिर केलंय ना, त्यामुळे तसं वाटतं."

"पण बधिर तर हिरडी केलीय."

"त्याचा परिणाम कधीकधी कमरेपर्यंत जातो!"

तेवढ्यात त्यांनी चूळ भरली आणि ती भांड्यात न पडता सिस्टरच्या चपलेवर पडली. त्या दिवशी मी खुर्चीच्या डाव्या बाजूखाली दंतवैद्यकाच्या मासिकांचा गठ्ठा सरकवला. सहा महिन्यांत गठ्ठा दोन बोटांवरून चार बोटांवर गेला. खिडकी लागेनाशी झाली. भिंतीला छतापासून खाली एक भेग आली आणि तिनं वाटेत माझ्या पदवीच्या फ्रेमची काच तडकवली.

आता याच सहा महिन्यांत रस्त्याच्या पलीकडे एक नवा दातांचा डॉक्टर आला होता. मी त्याला समोरचा म्हणतो. वय माझ्या निम्मं. त्याच्या छताला टीव्ही! पेशंटनं आ वासून क्रिकेट बघायचं! माझ्या दारापासून त्याच्या दारापर्यंत बावीस पावलं आहेत. मी मोजली आहेत. माझा दवाखाना एक आठवडा बंद राहिला असता, तर माझे सव्वीस वर्षांचे पेशंट ती बावीस पावलं चालून गेले असते आणि परत आले नसते. म्हणून ठरवून टाकलं होतं, काही झालं तरी दाराला कुलूप लागणार नाही.

बायकोनं मात्र मला न विचारता भावाला बोलावलं. माझा मेहुणा इमारतींच्या पायाखालची माती तपासतो. जगात माणसं चेहरे बघतात, दात बघतात, हा माती बघतो! तो आला, फरशीवर चार ठिकाणी टाच आपटली आणि माझंच एक हत्यार उचलून भिंतीच्या भेगेत खुपसलं.

"भाऊजी, खाली भराव आहे."

"म्हणजे काय?"

"इथे कधीकाळी मोठा खड्डा असणार. राडारोडा टाकून बुजवलेला. अशी माती कोरडी असते तोवर गप्प बसते. पाणी लागलं की खचते. तुमच्याकडे कुठून तरी पाणी लागतंय."

"बरं, मग उपाय सांग."

"आधी भोक पाडून खालची माती काढू, तपासू. पोकळी किती खोल आहे, पाणी कुठून येतंय ते बघू. मग ठरवू. चुना मिसळून माती घट्ट करायची, का सिमेंटचा घोळ दाबून भरायचा, का खराब माती उकरून नवे थर ठोकायचे. तीन आठवडे दवाखाना बंद ठेवा."

"तीन आठवडे!" मी ओरडलो. "अरे, त्यात तपासायचं काय? कोपरा खचलाय म्हणजे खाली पोकळी आहे. पोकळी आहे म्हणजे भरायची. वरून दिसतंय ना!"

"वरून दिसतं त्यावर मी काम करत नाही, भाऊजी."

तो ज्या भिंतीला टेकून हे बोलत होता, तिथे त्याच्या डोक्यावर माझी पाटी आहे. लाल अक्षरांत, खाली माझ्या सहीनिशी: 'एक्स-रे काढल्याशिवाय दाढ भरली जाणार नाही. वाद घालू नये.' बायकोनं पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग नंबरांच्या वहीत डोकं घातलं.

"अहो, त्याचं ऐका," ती रात्री जेवताना म्हणाली. "आणि तुमची ती डावीकडची दाढसुद्धा समोर जाऊन दाखवून या. आठ दिवस उजव्या बाजूनं चावताय."

"माझी दाढ? त्याला? दात पडून गेले तरी चालतील!"

माझी दाढ दुखत होती, हे खरं आहे. पण मी तिला लवंगेच्या तेलात ठेवलं होतं आणि तिच्याशी माझं जमत होतं.

मी माझा बेत केला. रविवारी दवाखाना बंद असतो. एका दिवसात कोपरा भरायचा, सोमवारी सकाळी नऊला दार उघडायचं. समोरच्याला पत्ता लागणार नाही आणि मेहुण्याला कळेल की खड्डे भरण्यात माझा हात धरणारा या घरात कुणी नाही!

रविवारी सकाळी गवंडी आला. त्याच्याकडे हातानं दाबायचा पंप होता, लांब नळी होती आणि चेहऱ्यावर शंका होती. मी मास्क लावला, हातमोजे चढवले, ॲप्रन बांधला. सिस्टरना सुट्टी असूनही बोलावलं होतं.

"डॉक्टर, मी नेमकं काय करायचं?"

"उजेड धरा!"

फरशीला मी चार भोकं पाडून घेतली. प्रत्येक भोक आधी फुंकून साफ केलं, मग पाण्यानं धुतलं, मग कापसानं टिपलं. गवंडी कमरेवर हात ठेवून बघत होता.

"साहेब, माती आहे ती."

"स्वच्छता म्हणजे स्वच्छता!"

मग घोळ कालवला आणि पंप सुरू झाला. पहिलं पोतं गेलं. दुसरं गेलं. चौथं गेलं. भोकातून काही वर येईना. सिस्टरनी वाकून बॅटरी मारली.

"काहीच दिसत नाही हो डॉक्टर."

"खोल आहे! मी म्हणत नव्हतो? मेहुण्याला भोकं पाडून जे कळणार होतं, ते मला भरता भरता कळतंय!"

सातवं पोतं गेल्यावर गवंड्यानं पंपाचा दांडा सोडला. "साहेब, थांबू या. माती एवढं खात नाही. हे कुठंतरी चाललंय."

"कुठे चाललंय? जमिनीतून कुठे जाणार?"

"ते मला काय माहीत? पण तीस वर्षं हेच करतोय. माती हाताला दाब देते. हे आपलं घळाघळा जातंय."

"तुम्ही तीस वर्षं भिंती बांधताय. मी सव्वीस वर्षं पोकळ्या भरतोय! काठोकाठ येईपर्यंत भरायचं, हा नियम आहे. अर्धवट भरलेली दाढ घात करते. मारा पंप!"

तो मारत राहिला. अकरावं पोतं. बारावं. माझी दाढ ठणकत होती, पण मी आनंदात होतो. चौदाव्या पोत्याला मागच्या बाजूनं बायकोची हाक आली.

"अहो! खालच्या बाथरूममधलं पाणी जात नाहीये!"

"जाईल! जरा थांब!"

"जात नाहीये म्हणजे उलटं येतंय! आणि ते राखाडी आहे!"

मी उत्तर देणार, तेवढ्यात माझ्या खुर्चीशेजारचं चूळ भरायचं भांडं गुडगुडलं. एकदा. दोनदा. मग त्याच्या तळातून संथपणे, काही घाई नसल्यासारखा, सिमेंटचा घोळ वर आला आणि काठावरून खाली सांडायला लागला.

सिस्टर किंचाळल्या. गवंड्यानं पंप टाकला. आणि मी, खरं सांगतो, मी टाळी वाजवली!

"आला! काठोकाठ आला! पोकळी भरली!"

"डॉक्टर, पण भोकातून आलं नाही, भांड्यातून आलं."

"कुठून का येईना, आलं ना!"

त्याच क्षणी दारावर धडाधड थापा पडल्या. मी उघडलं. दारात समोरचा! अंगातला पांढरा ॲप्रन छातीपर्यंत राखाडी. हा माणूस रविवारीसुद्धा दवाखाना उघडा ठेवतो, हे मला तेव्हा कळलं. लाज वाटायला हवी!

"सर, माफ करा," तो धापा टाकत म्हणाला, "तुमच्याकडे ड्रेनेजचं काही काम चालू आहे का? माझ्या बेसिनमधून सिमेंट येतंय. पेशंटनं चूळ भरायला मान वाकवली आणि त्याच्या तोंडावरच!"

"माझ्याकडे ड्रेनेजचं काही काम चालू नाही. मी पाया मजबूत करतोय."

"पण सर, आपल्या दोघांचं पाणी रस्त्यातल्या एकाच चेंबरमध्ये जातं."

"मग तुझा पायाही मजबूत होईल. फुकटात!"

तेवढ्यात त्याच्या पाठीमागून एक माणूस पुढे आला. गळ्यात निळा कागदी रुमाल, दोन्ही गालांत कापूस कोंबलेला, भुवयांवर सिमेंटचे शिंतोडे. मी पाहतच राहिलो. आमचे हेडमास्तर!

"सर? तुम्ही?"

"ऊंऽ," ते म्हणाले.

"बघा!" मी समोरच्याकडे वळलो. "तोंडात कापूस असताना सरांनी तुझी खुर्ची सोडली आणि इकडे धावत आले! याला म्हणतात विश्वास! या सर, बसा. राहिलेलं मी करतो."

हेडमास्तरांनी जोरजोरात मान हलवली. मी दंडाला धरून त्यांना आत घेतलं, त्यांनी दाराची चौकट घट्ट धरली. शेवटी त्यांनी खिशातून पेन काढलं, बायकोच्या टेबलावरची चिठ्ठी ओढली आणि एकोणीस वर्षांत न बिघडलेल्या वळणदार अक्षरात लिहून माझ्या हातात दिली.

'समोरची खुर्ची सरळ आहे.'

ती चिठ्ठी मी दोनदा वाचली. ते कधीपासून जात होते, किती रविवार जात होते, हे मी विचारलं नाही. त्यांनीही माझ्या नजरेला नजर दिली नाही. भुवईवरचं सिमेंट बोटानं पुसत ते उभे राहिले. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. भांड्यातून घोळ गळत होता आणि तो पुसायचंही मला सुचेना.

बायकोनं भावाला फोन केला. अर्ध्या तासात मेहुणा आला. रस्त्यातल्या चेंबरचं झाकण त्यानं पहारीनं उचललं, आत पाहिलं आणि परत ठेवलं. मग माझ्या दवाखान्यात येऊन गवंड्याला म्हणाला, "इथली फरशी काढा."

"माझी फरशी काढायची नाही!" मी आडवा उभा राहिलो.

"भाऊजी, बाजूला व्हा."

"होणार नाही!"

"अहो, व्हा बाजूला," बायको म्हणाली. तिचा तो आवाज मी लग्नानंतर तीनदा ऐकला आहे. मी बाजूला झालो.

फरशी निघाली. खाली ओला चिखल आणि त्या चिखलात पाइपाचा जोड, पार उघडा पडलेला, दोन टोकं एकमेकांकडे पाठ करून बसलेली. आमचा सगळा घोळ त्या फटीतून पाइपात शिरला होता आणि तिथून थेट रस्त्याच्या चेंबरमध्ये. पोकळी होती तशीच होती. तिच्यात थेंब गेला नव्हता.

मेहुण्यानं जोडाचा एक तुकडा उचलून उजेडात धरला.

"हे कुठल्या प्लंबरचं काम? हा पांढरा मसाला मी जन्मात पाहिला नाही. कुस्करतोय नुसता."

सिस्टर खिडकीबाहेर बघायला लागल्या.

"नऊ वर्षं इथून पाणी झिरपतंय, भाऊजी. तुमच्या पेशंटनी चुळा भरून भरून कोपरा खचवलाय! दिवसाला किती पाणी जात असेल इथून?"

बायकोनं वहीत बघितल्यासारखं केलं. "रोजचे तीस पेशंट," ती म्हणाली, "आणि प्रत्येकी चार पेले. हे आग्रह करतात ना!"

"लाळेत उष्णता असते," मी म्हणालो. "तोंडात ते सिमेंट टिकतं. पाइपात उष्णता नव्हती. त्यात माझी काय चूक?"

मेहुण्यानं तो तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. मी आजही म्हणतो, मुद्दा बिनतोड होता.

तीन आठवड्यांचं काम नऊ आठवड्यांवर गेलं. पाइप फोडायचे, चेंबर फोडायचा, समोरच्याची नळी फोडायची, मग माती. मेहुण्यानं भोकं पाडली, नळकांड्यातून मातीचे नमुने काढले, चिठ्ठ्या लावून ओळीनं मांडले. ओली माती छातीइतकी खोल उकरली. मुरूम आणि चुना मिसळून वीत-वीतभर थर टाकले, प्रत्येक थर धुम्मस करून ठोकला. मी रोज खड्ड्याच्या काठावर उभा राहून सूचना केल्या. एकही ऐकली गेली नाही. थर टाकून झाला की तो गुडघ्यावर बसून अंगठा दाबून बघायचा आणि मगच पुढचा टाकू द्यायचा. चांगलं काम करतो माणूस. हे मी त्याच्या तोंडावर म्हणालेलो नाही आणि तुम्हीही सांगू नका.

माझ्या सामानाला घरात जागा नव्हती, म्हणून बायको आणि सिस्टरनी ते परस्पर समोरच्याकडे ठेवलं. वर तो मला सांगायला आला, "सर, दुपारी एक ते चार माझी खुर्ची रिकामीच असते. तुमचे पेशंट तुम्ही तिथे बघा. मला शिकायलाही मिळेल."

"मी दुसऱ्याच्या खुर्चीत हात घालत नाही!" मी म्हणालो आणि दार लावून घेतलं.

सहा दिवस मी टिकलो. सातव्या दिवशी दुपारी माझ्या दाढेनं लवंगेचं तेल, ताठ मान, सव्वीस वर्षांचा अनुभव, सगळं एका फटक्यात झुगारून दिलं. गाल नारळाएवढा सुजला. बायकोनं माझ्या चपला दाराकडे तोंड करून ठेवल्या.

बावीस पावलं म्हणालो होतो. त्या दिवशी ती एक्केचाळीस झाली. दोनदा मी परत फिरलो होतो.

समोरच्यानं मला खुर्चीत बसवलं. छताला क्रिकेट चालू होतं. त्यानं आरसा घातला, दाढेवर हलकेच टकटक केलं. मी खुर्चीतून वीतभर उडालो.

"सर, आधी एक एक्स-रे काढू या."

"एक्स-रे कशाला? खड्डा आहे, भरून टाक. वरून दिसतंय ना!"

त्यानं नुसता अदबीनं हात वर केला आणि समोरच्या भिंतीकडे दाखवलं. माझ्या सामानातली ती पाटी त्यानं तिथे लावली होती, बरोबर पेशंटच्या नजरेसमोर. लाल अक्षरं. खाली माझी सही.

"मला फार आवडली, सर. काढू एक्स-रे?"

मी मान हलवली. दाढ वरून ठीक होती, मुळाखाली सगळं पोखरलेलं होतं. ते त्यानं मला फोटोत बोट ठेवून दाखवलं, जसं मी इतकी वर्षं लोकांना दाखवत आलो. काम चोख केलं त्यानं. हात हलका आहे पोराचा.

एक गोष्ट मात्र सांगतो. मी आडवा पडलेलो असताना त्याच्या ट्रेमधला कापसाचा बोळा हळूच निघाला आणि रस्त्याकडच्या बाजूला गडगडत गेला. मी स्वतः पाहिला! त्याचाही कोपरा बसतोय. मी त्याच वेळी त्याला सावध करणार होतो, उपायसुद्धा सांगणार होतो. पण तोंडात कापूस होता.